आयर्नब्रिज, श्रॉपशायर: वरून नव्हे, खालून पाहा
इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीवरचा १७७९ चा हा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पूल १९३४ पासून वाहनांना बंद आहे. पायी जायला पैसे लागत नाहीत. पण खरी मजा काठावर उतरल्यावर. सुमारे ३७८ टन बीड, तीस मीटरचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर), आणि सांधे चक्क सुतारकामातले: एका तुकड्याचं कुसू (पुढे आलेलं टोक) दुसऱ्याच्या खाचेत, वर पाचर.

बीड दाब सोसतं, ताण नाही. दोन्ही काठ आत सरकत आल्याने पुलात ताण येऊन तडे गेले, म्हणून १९७० च्या दशकात नदीतळाशी काँक्रीटचा आधार घातला. २०१८ च्या दुरुस्तीत परतलेला मूळचा तांबूस-तपकिरी रंग फार शोभतो. तरी रंगापेक्षा काठांवर सतत नजर हवी.

टोलघराचा दरफलक वाचाच. राजघराण्यालाही माफी नव्हती.