बिल कमी करणारा बॉक्स : माझे ६,७५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

नागपुरात मानेवाडा, हुडकेश्वर साइडला राहणाऱ्यांनी तरी हे वाचा. विजेचं बिल कमी करून देतो म्हणत जो माणूस फिरतोय त्याला फाटकाच्या आत घेऊ नका. माझे बॉक्सचे ६,४०० आणि फिटिंगचे ३५० गेले, आणि मी दहावीच्या पोरांची विज्ञानाची ट्यूशन घेतो. लाज वाटते सांगायला, पण त्याने मला माझ्याच सूत्राने फसवलं म्हणून सांगतोय.

एप्रिलमधली गोष्ट. दोन कूलर दिवसरात्र चालू, बिल बघून डोकं आधीच फिरलेलं. हा आला, गळ्यात आयकार्ड, बोलणं नम्र. टाकीत पाणी चढवायची आमची जुनी अर्धा एचपीची मोटर चालू करायला लावली, वायरला क्लॅम्प मीटर (वायरमधला करंट मोजणारा चिमटा) लावलं, ४.१ अँपिअर. बॉक्स जोडला, ३.० अँपिअर. मग म्हणतो, "सर, तुम्ही तर सायन्सवाले, तुम्हीच गुणाकार करा ना." आणि मी केला हो, ट्यूशनच्या वहीच्या मागच्या पानावर, २३० गुणिले ४.१ म्हणजे ९४३ वॅट, २३० गुणिले ३ म्हणजे ६९०. २७ टक्के बचत, माझ्याच अक्षरात! स्वतः केलेल्या हिशोबावर माणूस संशय घेईल का?

आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यामागे भिंतीवर बिलाचं मीटर होतं, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता, मला दिसत होता. माझ्या मीटरवर छापलंय, ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक मिनिट तो दिवा मोजला असता तर तिथेच पकडला असता त्याला. रात्री झोपताना अजून तेच डोळ्यासमोर येतं.

मोजला, पण मे महिन्याचं बिल आल्यावर, ३१२ चे ३२७ युनिट झाल्यावर. घरातलं सगळं बंद, फक्त मोटर चालू. बॉक्स नसताना मिनिटाला ३३, बॉक्स असताना ३३. म्हणजे दोन्ही वेळा साधारण ६२० वॅटच. व्होल्ट गुणिले अँपिअर हे सेलला, इस्त्रीला, गीझरला बरोबर आहे, पण एसी सप्लायवर मोटर असली की त्याला पॉवर फॅक्टरनेही (करंटचा किती भाग खरं काम करतो तो आकडा) गुणावं लागतं. मोटरीचा काही करंट कामच करत नाही, नुसता जातो-येतो, त्या बॉक्समध्ये निघाला तसा कपॅसिटर (वीज थोडी साठवून परत सोडणारा भाग) लावला की त्यातला बराचसा वायरमधून कमी होतो. वॅट तेवढेच राहतात, आणि घरगुती बिल वॅटच्या हिशोबानेच येतं. दहावीच्या पुस्तकात पॉवर फॅक्टर नाहीच, मी बारावीत शिकलो त्याला वीस वर्षं झाली.

बॉक्स उघडला तर आत २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा, बस. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानदाराने तसाच कपॅसिटर दीडशेला दाखवला. कोणी डेमो द्यायला आला तर मोटर नको, इस्त्री लाव म्हणा. मी लावून बघितली, ३.३ चे ३.७ झाले, अँपिअर वाढले!

वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो तर म्हणे आमचा माणूस नाही, आमचा संबंध नाही. मग नोटीस तरी लावा ना बाहेर, तर म्हणे साहेबांना विचारा, साहेब मीटिंगमध्ये. तीन चकरा मारल्या, ४४ डिग्रीत. पोलीस स्टेशनला दीड तास बसवलं आणि वर विचारलं, "सर, शिकलेले असून काऊन घेतलं?" वस्तू दिली ना त्याने, मग फसवणूक कशी, ग्राहक मंचात जा. पक्की पावती कुठाय? पावती नाहीच, पैसे यूपीआयने दिलेत, नावही खात्यावरचं वेगळं आणि आयकार्डवरचं वेगळं. आयकार्डचा फोटो काढून ठेवा, मी नाही काढला. ते खातं शोधणं पोलिसांचं काम की माझं? अर्ज घेतला, पोच दिली नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. बॉक्स, वहीचं ते पान, यूपीआयचा स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवलंय. तुमच्या गल्लीत कोणाकडे हिरव्या दिव्याचा असा बॉक्स लागला असेल तर सांगा, चार-पाच जण मिळून गेलो तर पोच तरी देतील.