शुल्क पालकांकडून घ्यावे की कमिशन विद्यापीठाकडून?

परदेशातील प्रवेशासाठी मार्गदर्शन करणारी संस्था काढू पाहणाऱ्या तरुण उद्योजकाला सर्वांत आधी हे ठरवावे लागते की आपले उत्पन्न कोणाकडून येणार. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली जेमी बीटन आणि शारंद्रे कुशोर या तरुणांनी स्थापन केलेल्या क्रिमसन एज्युकेशनने कुटुंबांकडून शुल्क घेण्याचा मार्ग धरला, तर ऑस्ट्रेलियन विद्यापीठांच्या पुढाकारातून वाढलेली आयडीपी ही प्रवेश-मार्गदर्शन संस्था विद्यार्थी पाठवल्याबद्दल विद्यापीठांकडून कमिशन घेते.

कमिशनच्या पद्धतीत पालकांना सल्ला विनामूल्य मिळतो, त्यामुळे नव्या कार्यालयात गर्दी लवकर होते. मात्र पैसे विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू होऊन फी भरल्यावरच येतात, आणि तोपर्यंत जागेचे भाडे व समुपदेशकांचे पगार पदरमोड करून भागवावे लागतात. त्याहून गंभीर अडचण सल्ल्याच्या प्रामाणिकपणाची आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत आणि एजंटला कमिशनही देत नाहीत. तेव्हा नाशिकच्या एखाद्या मेकॅनिकल अभियंत्याला आखेनचे सरकारी तंत्रविद्यापीठ सुचवणे त्याच्या हिताचे असले, तरी सल्लागाराच्या हाती काहीच पडत नाही.

शुल्काच्या पद्धतीत हा पेच उरत नाही. तिथे ग्राहक कमी मिळतात, नाव होईपर्यंत पालक घासाघीस करतात, आणि उद्देशपत्राचा, म्हणजे हा अभ्यासक्रम का निवडला हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाचा, प्रत्येक मसुदा विद्यार्थ्यासोबत बसून तपासावा लागतो. तरीही माझा कौल शुल्कालाच आहे, कारण कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या घराला विद्यापीठांची निःपक्षपाती यादी मिळणे अत्यावश्यक आहे. दोन्हीकडून पैसे घ्यायचेच असतील, तर कोणते विद्यापीठ कमिशन देते हे करारातच लिहून द्यावे.