छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला ग्रॅपल आणि बकेट: हलकं तेच घ्या, सविस्तर रिव्ह्यू

लोडरसोबत (म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसणारे माल उचलायचे हात) एक बकेट येतेच, त्यामुळे सुरुवातीला वाटतं काम भागलं. माती, खडी, शेणखत सगळं त्यात उचललं जातं. मग कधीतरी तोडलेली झुडपं, फांद्या, ओंडके हलवायची वेळ येते आणि तिथे बकेट गंडते. फांद्या बकेटमध्ये भरणं म्हणजे सुपात सरपण भरण्यासारखं आहे, अर्धं आत अर्धं बाहेर आणि वळण घेतलं की वाटेत सांडत जायचं. मग माणूस ग्रॅपल, म्हणजे हायड्रॉलिकवर आवळणारा जबडा, शोधायला लागतो, आणि तिथेच खरा गोंधळ सुरू होतो, कारण बाजारात दिसणारे बरेचसे ग्रॅपल हे स्किड स्टीअरसाठी (छोटं पण ताकदीचं लोडर मशीन) बनवलेले असतात आणि ते आपल्या ट्रॅक्टरला अडकतात पण झेपत नाहीत.

मी वापरतो तो साधारण ३५ एचपीचा फोर व्हील ड्राईव्ह कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर. त्यावर एक ४८ इंची एका जबड्याचा हलका रूट ग्रॅपल (दातादातांच्या तळाचा) आणि एक ६० इंची दोन जबड्यांचा, असे दोन्ही चालवून बघितलेत, शिवाय साधी बकेट, दातांची पट्टी लावलेली बकेट आणि फोर-इन-वन बकेट. निकाल आधीच सांगतो: या साईजच्या मशीनला ४८ इंची एका जबड्याचा ग्रॅपल आणि साधी बकेट, बस. आता का ते सांगतो, कारण कारण कळलं नाही तर दुकानदार भारीतला माल गळ्यात मारणारच.

सगळा खेळ वजनाचा आहे. लोडरच्या कागदावर उचलण्याची क्षमता दोन ठिकाणची दिलेली असते, एक पिनपाशी, म्हणजे लोडरच्या हाताला अटॅचमेंट जोडली जाते तिथे, आणि एक पिनच्या ५०० मिलीमीटर पुढे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो पिनपाशीचा आकडा, पण पिनवर कोणी ओंडका ठेवत नाही, माल असतो पुढे, म्हणून कामाचा आकडा ५०० मिलीमीटरचा. तोही पूर्ण उंचीवरचा की खालचा ते बघा, कारण लोडरचा हात जसजसा वर जातो तसतशी ताकद साधारण कमी होत जाते. आणि बऱ्याच वेळा हा आकडा बकेट न लावता दिलेला असतो, म्हणजे अटॅचमेंटचं वजन त्यातूनच वजा करायचं, तळटीप वाचल्याशिवाय सौदा करू नका.

समजा ५०० मिलीमीटरवर ५०० किलो क्षमता आहे. हलका ग्रॅपल १५०-१८० किलोचा धरला तर हातात राहिले ३२० किलो. स्किड स्टीअरवाला दणकट ग्रॅपल ३०० किलोच्या वर सहज जातो, मग राहिले २०० किलोच्या आत. आता ओल्या लाकडाचा हिशोब करा, साधारण ९०० ते १००० किलो घनमीटरला. एक फूट जाड आणि २ मीटर लांब ओंडका म्हणजे १३०-१४० किलो, तो दोन्ही ग्रॅपलनी उचलला जाईल. पण तेवढाच लांब आणि अर्धा मीटर जाड घेतला की तो थेट साडेतीनशे ते चारशे किलोवर जातो, तिथे हलका ग्रॅपलसुद्धा कुरकुरतो आणि भारी ग्रॅपल तर जमिनीवरून हलवणारच नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून जाड पोलाद घेतलं आणि उचलायची ताकद बरीच खाली आणली. लोक म्हणतात हलका ग्रॅपल वाकतो. वाकतो ना, एकाच दातावर सगळा ट्रॅक्टर रेटून जिवंत बुंधा उपटायला गेलात तर वाकणारच, पण ते काम बॅकहोचं (मागे लावायच्या खोदणाऱ्या हाताचं) आहे, ग्रॅपलचं नाही.

आता एक जबडा की दोन. दोन जबडे वेगवेगळे बंद होतात, त्यामुळे एका बाजूला जाड ओंडका आणि दुसऱ्या बाजूला बारीक काटक्या असा वेडावाकडा घास असेल तर दोन्हीकडून नीट आवळून धरतात. हे खरंच छान आहे, ६० इंचीवाला चालवताना मजा आली हे मान्य. पण दुसरा जबडा म्हणजे दुसरा सिलिंडर, जास्तीचे होस, जास्तीच्या पिना, आणि सगळ्याचं वजन त्याच ५०० किलोतून. ४८ इंचीत जबडा मधोमध एकच असतो, लांब फांद्या मधे धरल्या की दोन्ही बाजूंनी लोंबतात पण सुटत नाहीत. झुडपांच्या ढिगाला तर काही फरकच पडत नाही. फक्त छोटे छोटे तुकडे गोळा करायचे असतील तर ते बाजूने निसटतात, तेवढा त्रास आहे.

खालच्या भागाचा आकार पण बघा. रूट ग्रॅपलचा तळ दातादातांचा असतो, मधून माती गळून जाते आणि मुळं, दगड वर राहतात, झुडपं साफ करायला हाच बरा. दुसरा प्रकार बकेट ग्रॅपल, म्हणजे बंद तळाच्या बकेटवर जबडा. तो खतासाठी, ढिगाऱ्यासाठी, बारीक सटरफटर मालासाठी चांगला, पण फांद्यांबरोबर मातीपण घेऊन जातो आणि वजनाला जास्त. दोन्हीची कामं एकात होतील म्हणून जे हायब्रिड टाईप मिळतात ते मला दोन्हीकडे अर्धवटच वाटले.

हायड्रॉलिकबद्दल लोक उगाच घाबरतात. "माझ्या ट्रॅक्टरचा फ्लो कमी आहे, ग्रॅपल चालेल का?" चालेल. ५० मिलीमीटर बोअर (आतला व्यास) आणि २०० मिलीमीटर स्ट्रोकच्या (रॉडची चाल) सिलिंडरमध्ये अर्ध्या लिटरपेक्षा कमी ऑइल मावतं, मिनिटाला २५ लिटर देणारा पंप असला तरी एका सेकंदात जबडा बंद. दोन सिलिंडर असतील तर दोन सेकंद. फ्लो जास्त लागतो तो सतत फिरणाऱ्या मोटरच्या अटॅचमेंटला. पकड किती घट्ट ते ठरतं प्रेशरवर, आणि १७० बारला ५० मिलीमीटरचा सिलिंडर तीन टनाच्या वर जोर देतो, जबड्याच्या टोकाला तो बराच कमी होतो पण लाकूड धरायला भरपूर झाला.

खरा निर्णय आहे तो व्हॉल्व्हचा. लोडरला जॉयस्टिकवर दोन फंक्शन असतात, वर-खाली आणि बकेट मुडपणं-ओतणं. ग्रॅपलला तिसरं लागतं. त्याचे दोन रस्ते. स्वस्तातला डायव्हर्टर, बटण दाबलं की बकेट मुडपायच्या लाईनचं ऑइल ग्रॅपलकडे वळतं, म्हणजे जबडा आवळताना त्याच वेळी बकेट मुडपता येत नाही. दुसरा खरा थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह, त्याची लाईन वेगळी असते, बटणावर जबडा चालतो आणि जॉयस्टिक मोकळी राहते. झुडपांपुरता डायव्हर्टर चालून जातो, थांबून आवळा मग मुडपा, काय घाई आहे. पण ओंडके उचलणार असाल तर थर्ड फंक्शनच घ्या, कारण ओंडका धरताना मुडपत मुडपत आवळायला लागतं, नाहीतर तो पुढे घरंगळतो. इथे पैसे वाचवू नका, ग्रॅपलमध्ये वाचवा. किट घेताना आपल्याच ट्रॅक्टर मॉडेलचं ब्रॅकेट आणि होस आहेत ना ते विचारा, नाहीतर नळ्या लोडरच्या हाताला घासून फाटतात.

कपलर, म्हणजे होस जोडायची टोकं, फ्लॅट फेसचेच (सपाट तोंडाचे) मागा, पुसायला सोपे आणि सोडताना ऑइल सांडत नाही. आणि इंजिन बंद केल्यावर जबड्याचं बटण दोन्हीकडे चालवून प्रेशर सोडा मगच कपलर काढा (किटप्रमाणे चावी चालू ठेवावी लागते), नाहीतर उन्हात पडलेल्या ग्रॅपलमधलं ऑइल फुगतं आणि पुढच्या वेळी कपलर बसता बसत नाही, माणूस हातोडी शोधायला लागतो.

जोडणीबद्दल थोडक्यात. स्किड स्टीअर टाईप क्विक अटॅच (लीव्हरने झटपट लॉक होणारी जोडणी) असेल तर निवड सगळ्यात जास्त मिळते, लोडरवर आधीपासून असेल तर प्रश्नच मिटला. नुसत्या पिनावाल्या लोडरला अडॅप्टर लावून ते करता येतं पण अडॅप्टरचं स्वतःचं वजन आणि माल काही इंच पुढे सरकतो, दोन्ही आपल्या ५०० किलोच्या मुळावर. तरी मी म्हणेन लावा, कारण पिना ठोकत बसायला लागलं की माणूस अटॅचमेंट बदलतच नाही, सगळी कामं बकेटनेच रेटतो. युरो टाईप हूक (दुसऱ्या प्रकारची झटपट जोडणी) असेल तर तसाच ग्रॅपल घ्या, मधे अडॅप्टर घालू नका. लॉक झालं की दोन्ही पिना खालच्या भोकातून बाहेर आलेल्या डोळ्यांनी बघायच्या, नुसता लीव्हर पडला म्हणून विश्वास ठेवायचा नाही, आणि अटॅचमेंटचं टोक जमिनीवर हलकं टेकवून दाबून बघायचं.

आता बकेट. इथेही तीच कथा, लोक मोठी मागतात. ०.३ घनमीटरची बकेट शेणखताने किंवा कंपोस्टने भरली तर माल होतो २०० किलोच्या आसपास, आरामात. तीच ओल्या वाळूने शिगोशीग भरा, वाळू घनमीटरला १९०० किलोच्या घरात, म्हणजे ५७० किलो आणि वर बकेटचं वजन. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) किंचाळायला लागतो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून बकेट मालाप्रमाणे घ्या: हलका माल जास्त असेल तर मोठी खोलगट, माती-खडी असेल तर कंपनीची साधीच. रुंदी मात्र टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी जास्त पाहिजेच, नाहीतर सपाट करताना आपल्याच चाकांचे पट्टे मागे राहतात आणि ढिगात शिरताना टायर आधी अडतो.

बकेटची पुढची पट्टी बोल्टवाली आणि उलटून लावता येणारी असेल तर उत्तम, एक धार झिजली की दुसरी. आणि टूथ बार, म्हणजे दात लावलेली पट्टी, दोन बाजूंनी बोल्ट करून बसते, हा माझ्या मते सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पाडणारा तुकडा. कडक मातीत सपाट धारेची बकेट नुसती घसरते आणि पुढची चाकं उचलली जातात, दात असले की घुसते. पसरवायचं, गुळगुळीत करायचं काम आलं की काढून ठेवायचा. फोर-इन-वन बकेटचं म्हणाल तर कल्पना भारी, पुढून उघडते, चिमटीत धरते, डोझरसारखं ढकलते, पण साध्या बकेटपेक्षा फारच जड. मोठ्या लोडरवर तिच्यासारखी वस्तू नाही, छोट्यावर ती रिकामीच अर्धी ताकद खाते.

अजून एक, बकेट पूर्ण खाली वळवून मागे ओढत सपाटीकरण करणारे बघितलेत, त्या स्थितीत सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर असतात आणि कुठे दगडाला अडकलं की वाकतात. मागे ओढायचंच असेल तर बकेटचा तळ जमिनीला जवळपास समांतर ठेवून हळू ओढा.

हे सगळं घेतलं आणि मागे वजन नाही लावलं तर उपयोग शून्य. बेरीज बघा. पुढच्या अॅक्सलच्या १.२ मीटर पुढे ५०० किलो आणि व्हीलबेस १.७ मीटर असेल तर मागच्या चाकांवरून साधारण ३५० किलो निघून जातात आणि पुढच्या अॅक्सलवर माल धरून ८५० किलो वाढतात, म्हणजे मालापेक्षा जास्त. आता मागे थ्री पॉईंटला (अवजार अडकवायच्या जोडणीला) मागच्या अॅक्सलपासून १ मीटरवर ४०० किलोचा ठोकळा लटकवा, मागे ६३५ किलो येतात आणि पुढचे जवळजवळ २३५ किलो कमी होतात. टायरमध्ये पाणी भरून मागचं वजन वाढतं पण पुढच्या अॅक्सलवरचा भार त्याने काही कमी होत नाही, हा फरक बरेच जण विसरतात. दोन्ही करा, पण आधी मागचा ठोकळा. काही नाही तर मागे लावायचं एखादं जड अवजार लटकवलं तरी चालतं, फक्त मागचं टोक किती बाहेर आलंय ते वळताना ध्यानात ठेवा. पुढच्या टायरची हवा पुस्तकात लोडरसाठी दिलीय तेवढी ठेवा, आणि माल घेऊन चालताना ग्रॅपल शक्य तितका खाली, दिसायला अडणार नाही एवढाच वर. उतारावर आडवं जाणं टाळा, रोल बार उभा असेल तर बेल्ट लावा.

गवताच्या गोल गठ्ठ्यांसाठी बकेट वापरू नका, उंच नेल्यावर गठ्ठा लोडरच्या हातांवरून मागे लोळत ड्रायव्हरवर येतो, याने माणसं गेलीत. त्यासाठी जबडा किंवा गठ्ठ्यात खुपसायचा सुळा पाहिजे.

कोणी विचारलं की एकच अटॅचमेंट घ्यायची ऐपत आहे तर काय, तर मी ग्रॅपल पण सांगणार नाही, पॅलेट फोर्क, म्हणजे दोन लांब सपाट काटे, सांगेन. थर्ड फंक्शन नको, होस नको, वजन कमी, आणि ओंडके, फांद्यांचा ढीग, पोती, खांब सगळं जातं, फक्त पट्ट्याने बांधायचं. फांद्या भरपूर असतील आणि दर वेळी खाली उतरून बांधायचा कंटाळा आला की मग ग्रॅपल, ४८ इंची, हलका, सिलिंडरवर जाड पत्र्याचं कव्हर असलेला आणि प्रत्येक पिनेला ग्रीस निप्पल असलेला. निप्पल नसलेला दाखवला तर दुकानातून बाहेर पडा, बुश खडखडायला लागले की जबडा वाकडा बसतो आणि मग त्याचे दात तळाच्या दातांवर आपटत राहतात.