एअरबस ए321निओ: विमान झकास, दाटी फार

कॉस्टिंगमध्ये आयुष्य गेल्यामुळे विमानात शिरले की मी आधी रांगा मोजते. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन आणि मधे एकच वाट. याच विमानात एखादी कंपनी आरामात 180 जणांना बसवते, तर दुसरी 240 च्या घरात जाते. म्हणून विमानाला वेगळे गुण देते आणि आतल्या मांडणीला वेगळे.

आधी विमान. पंखाच्या थोडं मागे, खिडकीशी जागा मिळाली होती. माझ्या विमानाला प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन होतं. त्याचा पंखा टर्बाइनला थेट जोडलेला नसतो, मधे गिअर असतो. त्यामुळे पंखा संथ फिरतो, टर्बाइन आपल्या वेगात फिरते आणि गाभ्यातून जाते त्याच्या सुमारे 12 पट हवा बाहेरून मागे ढकलली जाते. उड्डाणाच्या वेळी शेजारणीशी आवाज न चढवता बोलता आलं, ते याच्यामुळे. आधीच्या पिढीपेक्षा इंधन साधारण 15 टक्के कमी लागतं, त्यात पंखांच्या वर वळलेल्या टोकांचाही हात आहे. धावपट्टीकडे जाताना पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. इंधन वाचवायला विमान बऱ्याचदा एकाच इंजिनावर सरकतं. तेव्हा दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सारखा करणारं यंत्र असं बोलतं.

या इंजिनाची दुसरी बाजूही आहे. काही भागांच्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं आणि तपासणीसाठी जगभरात शेकडो विमानं जमिनीवर आली. उभ्या विमानाचं इंधन वाचतं खरं, पण लीजचा हप्ता थांबत नाही.

आता मांडणी. गुडघे पुढच्या सीटला टेकले होते. पातळ पाठीच्या सीटवर तीन तासांनंतर कंबर बोलायला लागली, आणि मागच्या स्वच्छतागृहाची रांग माझ्या खांद्यापर्यंत आलेली. राग आला, पण हिशेबही कळतो. वैमानिक, उतरण्याचं शुल्क, हवाई मार्गाचं शुल्क, हे सगळं उड्डाणामागे द्यावं लागतं. एक रांग वाढली की तोच खर्च आणखी सहा जणांत वाटला जातो. बऱ्याच देशांत दर 50 सीटांमागे एक केबिन कर्मचारी लागतो. म्हणजे 201 वी सीट लावली की पाचवा कर्मचारी आलाच. मग कंपनी 201 वर कशाला थांबेल? त्याचा पगार भरून निघेपर्यंत रांगा वाढवणारच. एवढं करून आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, 2025 च्या अंदाजात दर प्रवाशामागे निव्वळ नफा 7 डॉलरच्या आसपास. इतका बारीक नफा असल्यावर माझ्या गुडघ्यांची दया कोणाला येणार!

पुढच्या विमानांच्या बातम्याही मी याच नजरेने वाचते. याच विमानाचा भाऊ, ए321एक्सएलआर, 8,700 किलोमीटर जातो, कारण पोटात मागच्या बाजूला 12,900 लिटरची जादा टाकी आहे. ती सामानाची जागा खाते, सीटांची नाही, म्हणून गणित जमतं. इंधन म्हणून हायड्रोजनचं इथेच अडतं. वजनाला तो केरोसिनच्या तिप्पट ऊर्जा देतो, पण उणे 253 अंशांवर द्रव करूनही चौपट जागा मागतो. पंखात मावत नाही, म्हणजे टाकी केबिनच्या लांबीतून कापायची. एअरबसने हायड्रोजन विमानाचं 2035 चं लक्ष्य पुढे ढकललं त्याचं मला जराही नवल वाटलं नाही. शाश्वत इंधन आजच्याच टाकीत, निम्म्यापर्यंत मिसळून चालतं, सीट एकही कमी होत नाही. पण ते महाग आहे, आणि 2025 मध्ये जगाच्या विमान इंधनात त्याचा वाटा 1 टक्काही नव्हता. माझी आशा आवरण नसलेल्या मोठ्या पंख्याच्या इंजिनावर आहे. सीएफएम ही इंजिन बनवणारी कंपनी त्यात 20 टक्के इंधन बचतीचं लक्ष्य ठेवून काम करतेय. मात्र ते पंखाखाली मावण्यासाठी विमानच नवं आखावं लागेल.

गुण: विमानाला पाचपैकी साडेचार, मी बसले त्या मांडणीला दोन. तिकीट काढताना विमानाचं नाव बघून भुलू नका, सीट पिच, म्हणजे एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर, शोधा. 31 इंच असेल तर पाच तासही बिनघोर बसा. 28 असेल तर दोन तासांपुढे वाटेकडची सीट घ्या, आणि ती मागच्या स्वच्छतागृहापासून लांब असू दे.