गंगापूर बॅकवॉटरच्या काठाला गॅबियन, वाळा आणि तरंगती जेट्टी : पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

आमचं घर नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, पश्चिमेकडे तोंड करून. पावसाळ्यात वाराही पश्चिमेचाच. समोर पाण्याचा लांबलचक पट्टा असल्यामुळे लाटा थेट आमच्या काठावर आपटतात आणि दरवर्षी जमिनीचा एखादा लचका तोडून नेतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात काम काढलं. काठाला गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या पेट्या), वर वाळ्याची लागवड, आणि होडीसाठी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची तरंगती जेट्टी.

खर्चाआधी हद्द बघा. पूर्ण संचय पातळीखालची (धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपर्यंतची) जमीन सरकारची, प्लॉट विकणारा काहीही सांगो. आम्ही पेट्या आमच्या हद्दीत बसवल्या. खालच्या बाजूला काही ठेवायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, काढता येणारी जेट्टीसुद्धा त्यात आली.

गॅबियनवर मी खूश आहे, पण ते काम दगडाइतकंच भरणाऱ्या हाताचं आहे. ट्रॅक्टरने डबर ओतून झाकण लावलं की पेटी पोट काढते. दर्शनी बाजूचे दगड एकेक करून रचावे लागतात, पुढची आणि मागची जाळी मध्ये तारेने ओढून बांधावी लागते. मीटरभर उंचीच्या पेटीला असे ताण दोन थरांत दिले. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा आणि टणक काळाच हवा. मुरमाड दगड स्वस्त मिळतो, पण ओला-कोरडा होऊन फुटतो आणि जाळीतून गळून जातो.

पेट्यांच्या मागे जे कापड घातलं, जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), ते या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. काठ फक्त लाटेने तुटत नाही. भर पावसात धरणातून पाणी सोडतात, तिकडे नाशकात लोक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं ते बघत असतात, आणि विसर्ग जास्त असला की इकडे आमची पातळी झपाट्याने उतरते. समोरच्या पाण्याचा टेकू गेला, पण मागची माती अजून चिंब. ती स्वतःच्या वजनाने खाली बसते. यंदा पाणी उतरलं तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन पाहिलं. फटीफटींतून पाणी पाझरत होतं आणि नितळ होतं, म्हणजे माती मागेच अडली होती. शेजारच्या प्लॉटवर सिमेंटची पक्की भिंत आहे, पाणी निघायला भोकंच ठेवलेली नाहीत. ती आता पुढे झुकली आहे. दिसायला मात्र आमच्यापेक्षा देखणी.

वाळा पहिले दोन महिने काहीच करत नाही, नुसता जीव धरून असतो. वीतभर अंतरावर ठोंब लावले, पाऊस लागेपर्यंत रोज पाणी घातलं, शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण केलं. मुळं सरळ खाली जातात हा त्याचा खरा गुण. दिवाळीनंतर एक ठोंब उपटायचा प्रयत्न केला, हातात फक्त पाती आली.

पण वरून येणाऱ्या पाण्याला यातलं काहीच पुरत नाही. छपराचं आणि अंगणाचं पाणी एका कोपऱ्यातून सरळ काठावर उतरायचं, आणि जुलैत तिथेच घळ पडली, लाटेचा तिथे काही संबंध नव्हता. मग दगडी चर काढून ते पाणी बाजूला नेलं. काठाचं काम करणारे ठेकेदार या विषयावर तोंड उघडत नाहीत, कारण चरात त्यांना पैसे नाहीत.

आता जेट्टी. ठोकळे जाड प्लॅस्टिकचे, अर्धा मीटर लांब-रुंद. चार माणसं उभी राहिली तरी डगमगत नाही, उन्हाने रंग थोडा उतरला तेवढंच. ठोकळे जोडणाऱ्या पिना मात्र लाटांनी सैल होतात. पुरवठादाराने त्या आवळायची किल्ली दिलीच नव्हती, मागून मागवावी लागली. खरी अडचण पातळीची. सप्टेंबरात पायरीला लागलेलं पाणी हिवाळाभर मागे सरकत जातं आणि आमचा उतार सौम्य असल्याने ते आडवं फार लांब जातं. काठावरून जेट्टीवर जायची बिजागरीची फळी जानेवारीत अपुरी पडली, जेट्टीचं एक टोक चिखलात टेकलं. आता पाणी सरकेल तशी ती सोडून पुढे ओढतो आणि नांगराचे सिमेंटचे ठोकळे हलवतो. दोन माणसांचं, अर्ध्या दिवसाचं काम. वर्षभर एका जागी उभी राहणारी जेट्टी हवी असेल तर धरणाच्या काठावर हा नाद करू नये.

फळीच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून सुताराने जळकं ऑइल लावायला काढलं होतं. नाशिक शहर हेच पाणी पितं, त्यामुळे डबा परत पाठवला आणि लोखंडी चौकटीवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या. मातीचंही तेच. गाळाने घटत घटत या धरणाची क्षमता आता 5630 दशलक्ष घनफूट धरली जाते, आणि आमच्या काठाचे लचके जायचे ते त्याच गाळात.

एकूण, पेट्या आणि कापड पुन्हा घेईन, वाळा तर नक्कीच. जेट्टी घेताना लांब फळी आणि जादा साखळी आधीच मागून घेईन. या मे महिन्यात चराला पुढे दगडी कुंडी करायची आहे, कारण चराच्या तोंडाशी जमीन पुन्हा उकरायला लागली आहे.