कार्बन कर की उत्सर्जन व्यापार?

प्रदूषणाची किंमत प्रदूषण करणाऱ्यानेच मोजावी, हे तत्त्व दोन्ही धोरणांच्या मुळाशी आहे. फरक आहे तो सरकार काय ठरवते आणि बाजारावर काय सोपवते यात. कार्बन करात प्रतिटन दर निश्चित असतो, पण उत्सर्जन नेमके किती घटेल हे आधी सांगता येत नाही. उत्सर्जन व्यापारात एकूण उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरते, तेवढेच परवाने निघतात आणि त्यांचा भाव खरेदी-विक्रीतून ठरतो.

सिमेंटची भट्टी पाहा. तेथे इंधनाखेरीज चुनखडी भाजतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि एकदा उभारलेली भट्टी अनेक दशके चालते. त्यामुळे गुंतवणूक करणाऱ्याला पुढील दराचा अंदाज हवाच असतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये प्रतिटन १० कॅनेडियन डॉलर कर लावला आणि आधी जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार दरवर्षी ५ डॉलरने वाढवत २०१२ मध्ये तो ३० वर नेला. याउलट, युरोपीय संघाने २००५ मध्ये सुरू केलेल्या व्यापारात पहिल्या टप्प्यात गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. मर्यादा पुढे कडक झाली, पण अतिरिक्त परवाने बाजूला काढणारी राखीव व्यवस्था २०१९ मध्येच सुरू झाली. इतका उशीर हवामानाला परवडणारा नव्हता.

करही राजकारणापासून सुरक्षित नसतो. तरीही जेथे देखरेखीची यंत्रणा दुबळी आहे, तेथे मी करालाच झुकते माप देईन, कारण इंधन विकले जाते तेथेच तो वसूल करता येतो.