पृथ्वी थिएटर, जुहू: विद्यार्थ्याच्या खिशाला आणि मनाला परवडणारे नाट्यगृह

सांगलीहून पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत येऊन मला दोन वर्षे होत आली. कालिन्याला वर्गात शेजारी बसणाऱ्या आम्हा चौघांचा नाटके पाहणारा एक गट पहिल्याच सत्रात जमला: मी, नागपूरचा एक मित्र, सावंतवाडीची एक मैत्रीण आणि मराठी जेमतेम समजणारी, पण नाटकाचे वेड आमच्याहून जास्त असणारी केरळची एक मैत्रीण. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, नरिमन पॉइंटचे एनसीपीए अशी नाट्यगृहे आम्ही महिन्याच्या पैशांत बसतील तशी पाहिली. त्या सगळ्यांत आम्ही पुन्हा पुन्हा जिथे जातो, त्या जुहूच्या पृथ्वी थिएटरबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण आमच्या वयाच्या अनेक मराठी मुलामुलींना ती जागा आपली वाटत नाही, हे मी वारंवार ऐकले आहे.

ती जागा आपली आहे, असे मला वाटण्याचे पहिले कारण एका तारखेत आहे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला, म्हणून तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो, आमच्या शाळेत त्या दिवशी नटराजपूजन होत असे. पृथ्वी थिएटरचा पडदा उघडला तोही ५ नोव्हेंबरलाच, १९७८ साली, आणि पहिला प्रयोग होता गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी रूपाचा, ज्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. पृथ्वीराज कपूर आपली नाटक कंपनी घेऊन गावोगाव फिरत आणि प्रयोग संपल्यावर दाराशी झोळी धरून उभे राहत. १९७२ मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांचा मुलगा शशी कपूर आणि सून जेनिफर केंडल यांनी त्यांच्या स्मरणार्थ हे नाट्यगृह उभारले. मला हा इतिहास केरळच्या मैत्रिणीने सांगितला आणि तारखेचा योगायोग मी तिला सांगितला. त्या दिवशी आम्ही दोघी फाटकापाशी बराच वेळ बोलत उभ्या होतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आतली खोली. वास्तुरचनाकार वेद सेगन यांनी आखलेल्या या नाट्यगृहात प्रेक्षक सुमारे दोनशेच बसतात, तेही रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी, उतरत्या पायऱ्यांवर. रंगमंच उंच नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाचे पाय आणि नटाचे पाय जवळजवळ एकाच पातळीवर असतात. आम्ही पाहिलेल्या एका दोन पात्रांच्या नाटकात वडिलांचे काम करणारा नट बोलता बोलता मोसंबे सोलत होता. सालीचा पहिला तुकडा निघाला तसा तिचा वास तिसऱ्या रांगेत आमच्यापर्यंत आला, आणि पुढच्या वाक्याला त्याचा आवाज स्थिर असूनही अंगठा मात्र सालीवरच थबकलेला आम्हाला दिसला. मुलाने घर सोडून जाण्याची गोष्ट काढली होती, आणि बाप ती ऐकून हादरला आहे हे त्या थबकलेल्या अंगठ्याने सांगितले. माझ्या शेजारी बसलेल्या नागपूरच्या मित्राने तेवढ्यात डोळे पुसले.

मोठ्या नाट्यगृहांचे सुख वेगळे असते, आणि मी त्यावर वाढले आहे. शिवाजी मंदिरात तिसरी घंटा होते, दिवे मावळतात, आणि पहिल्या मोठ्या हशाला बाल्कनीपासून खालपर्यंत सगळे घर एकदम हलते, तो अनुभव दोनशे जणांत येणार नाही. एनसीपीएच्या टाटा थिएटरमध्ये हजारभर प्रेक्षक असूनही आवाज फार सुरेख पोहोचतो. पण विद्यार्थ्याला परवडणारे तिकीट बहुधा मागचे असते, आणि मागून आपल्याला आवाज मिळतो, अंगठा मिळत नाही. पृथ्वीत बहुतेक वेळा जागांवर क्रमांक नसतात. रांगेत आधी उभा राहील तो आधी आत जाईल. म्हणजे पुढची जागा पैशाने मिळत नाही, वेळेआधी येण्याने मिळते, आणि शेवटची रांगसुद्धा इतकी जवळ आहे की मी तिला वाईट जागा म्हणणार नाही. मराठी प्रायोगिक रंगभूमीही अशाच जवळिकीत वाढली: ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे केले, त्याच्या आठवणी आमच्या प्राध्यापिका सांगतात तेव्हा मला ती खोली डोळ्यांसमोर आणताना पृथ्वीचीच मदत होते.

उशिरा येणाऱ्याला येथे आत सोडत नाहीत. हा नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो पाळला जातो. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे चार मिनिटे उशिरा पोहोचलो. बस कोंडीत अडकणार हे ठाऊक असूनही आम्ही वेळेवर निघालो नव्हतो. दारावरच्या माणसाने अतिशय सौम्यपणे नकार दिला, चार तिकिटांचे पैसे गेले, आणि सावंतवाडीच्या मैत्रिणीला तो प्रयोग पुन्हा कधी पाहायला मिळाला नाही, याचे मला अजून वाईट वाटते. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात पहिल्या प्रवेशाची वीस मिनिटे लोक फोनच्या उजेडात खुर्च्या शोधत आमच्या पुढून जात होते, आणि त्या उजेडात रंगमंचावरची बाई आपल्या नवऱ्याची चिठ्ठी वाचत होती. तिच्या तोंडचे एक वाक्य आम्हाला नीट ऐकू आले नाही. असे पृथ्वीत माझ्या एकाही प्रयोगात झालेले नाही.

बाहेरच्या अंगणातल्या कॅफेची कीर्ती मोठी आहे, आयरिश कॉफीसाठी तर लोक नाटक नसतानाही येतात. आम्ही चौघांत एक कॉफी घेतो आणि बाकी सुलेमानी चहा, कारण त्या पैशांत पुढचे तिकीट निघते. झाडांखालच्या त्या टेबलांवर शेजारी कोणी संहिता वाचत बसलेला असतो, कोणी संवाद पाठ करत असतो, आणि विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी उठवत नाही.

पोहोचण्यासाठी आम्ही सांताक्रूझ पश्चिमेहून जुहूकडे जाणारी बेस्टची बस धरतो. पार्ले पश्चिमेहून रिक्षा सोयीची आहे, पण रिक्षात तिघेच बसतात, म्हणून आम्हा चौघांना ती महाग पडते. सोमवारी नाट्यगृह बंद असते. शनिवार-रविवारची तिकिटे लवकर संपतात. मंगळवार-बुधवारी विद्यार्थ्यांना बरी संधी असते. वसतिगृहात रात्री वेळेत परतायचे बंधन असेल, तर शेवटचा प्रयोग घेण्याआधी परतीच्या बसचा विचार करावा.

एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. येथील बहुसंख्य प्रयोग हिंदी आणि इंग्रजी असतात, मराठी नाटक अधूनमधून लागते, आणि ते लागले की घर भरवणे आपल्या हातात आहे. दोन महिन्यांपूर्वी एका मराठी प्रयोगाला मी गेले तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना मराठी न येणारी माणसे बसली होती आणि ती शेवटपर्यंत हलली नाहीत. केरळच्या मैत्रिणीने तर बाहेर आल्यावर मला तीन शब्दांचे अर्थ विचारले, आणि तिन्ही शब्द नेमके नाटकाच्या गाभ्यातले होते.

येत्या शनिवारच्या संध्याकाळच्या प्रयोगाची चार तिकिटे आम्ही काढली आहेत. प्रयोग सहाला आहे. फाटकापाशी पाचला भेटायचे ठरले आहे.